पलीकडची दहावी

शनिवारी आमच्या घरी कोणी सावकाश बोलत नसे. तो बाजाराचा दिवस. तांबडं फुटायच्या आत माय ओसरीवर वांगी घेऊन बसायची. एकेक वांगं ओल्या फडक्यानं पुसून डालात लावायची, देठ वर आणि काटे बाहेरच्या अंगाला, म्हणजे गिऱ्हाइकानं हात घातला की आधी काटा टोचावा आणि माल ताजा आहे हे त्याला न सांगता कळावं. मागच्या अंगणात दत्ता, माझा थोरला भाऊ, मेथीच्या जुड्या बांधत असे. बा गाडीची चाकं तपासत सगळ्यांवर ओरडत असे. विहिरीवरची मोटार धडधडत असे, आणि या सगळ्या गलक्यातून चुलीवरच्या अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी बसली की दोन घरं पलीकडे वास जाई. शेजारची राजव्वा त्याच भाजीला गोंगूरा म्हणायची, तिखट आमच्या दुप्पट घालायची आणि आमची भाजी आजाऱ्यांना द्यायची आहे असं म्हणायची. माय तिला मराठीत उत्तर द्यायची, ती तेलुगूत बोलायची. दोघींचं भांडणही याच पद्धतीनं चालायचं आणि कोणाचं काही अडत नसे.

आमचं गाव तेव्हाच्या आंध्रात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ, मुधोळच्या अलीकडे, बासरहून सायकलीनं जाता येईल इतकं. गावात आम्ही मराठी घरं भाजीपाल्याची, किराण्याची, शिलाईची. तेलुगू मला येत होती, पण बाजारापुरती. मी तेलुगूत भाव सांगायची, घासाघीस करायची, नाण्याला खोट काढणाऱ्या म्हाताऱ्यांना गप्प बसवायची. लिहायला बसलं की मात्र ती सगळी अक्षरं मला एकाच आईची लेकरं वाटत, कोण थोरलं आणि कोण धाकटं काही कळेना. आमच्या शाळेत शिकवणं मराठीत चाले आणि तेलुगूचा एक पेपर सगळ्यांना असे. त्या पेपराची आमच्या घरांना इतकी भीती होती की तिच्यातून एक रीतच पडून गेली होती. पोरानं आठवीपर्यंत गावात शिकायचं आणि नववी-दहावीला पलीकडं जायचं. पलीकडं म्हणजे महाराष्ट्रात, धर्माबादला नाहीतर त्याच्या आसपास, जिथं आत्या-मावशी दिली असेल तिथं. तिथं तेलुगूचा पेपर नाही. पोरगं पास होतं, पेढे वाटले जातात, बाप बाजारात मान वर करून बसतो. मुलाचं लग्न कुठं करावं यावर आमच्यात वाद होत, पण दहावी कुठं करावी यावर कधी झाला नाही.

दत्ता असाच गेला होता. गंगू आत्याकडे राहून दहावी झाला, पहिल्या वर्गात. बानं त्या शनिवारी वांग्याबरोबर मूठमूठ मिरच्या फुकट दिल्या, जे त्यानं आयुष्यात आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. मग दत्तानं वायरमनच्या कोर्साला अर्ज केला. यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. त्याच्यापेक्षा कमी मार्कांची गावातली दोन पोरं मात्र होती. पुढच्या वर्षी पुन्हा केला, पुन्हा तेच. मग नांदेडकडे जाऊन पाहिलं, तर तिथं रहिवासी दाखला मागितला. तो आमच्याकडे कुठून असणार? घरानं आपल्या अकलेप्रमाणं निकाल लावला: पोरानंच अर्ज चुकीचा भरला असणार. खुद्द दत्तालाही तसंच वाटू लागलं होतं. आपण कोणत्या रकान्यात काय लिहिलं हे तो मायला पुन्हा पुन्हा सांगत बसे, आणि बिचारी माय, जिला रकाना म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, मान डोलवी. बा त्याला हाक मारताना नावही घेईनासा झाला होता. "ए फस्ट क्लास, डालं उचल." "फस्ट क्लास, मेथीले पानी मार." दोन वर्षं. दत्ता डालं उचलायचा, पाणी मारायचा.

आता माझी पाळी होती. मी आठवीत, वर्ष संपत आलेलं. जून लागला की गंगू आत्याकडे जायचं हे ठरलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारण्यासारखं त्यात काही आहे असं मलाही तोवर वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी रामुलू सरांनी शनिवारचा शेवटचा तास आपल्याकडे घेतला होता.

रामुलू सर आम्हाला तेलुगू शिकवत. म्हणजे ज्या पेपरापायी आमची पोरं गाव सोडत, त्या पेपराचे मालक हेच. गोदावरीच्या दक्षिणेचे, जगत्यालकडचे, नवे नवे नोकरीला लागलेले. मराठी ते आमच्याकडूनच शिकले होते, त्यामुळे वर्गातल्या मुलींसारखं "मी सांगते, मी येते" असं बोलत, आणि आम्ही त्यांना कधी सुधारलं नाही. शनिवारी सकाळची शाळा असे आणि शेवटचा तास खेळाच्या नावानं मोकळा असे. मैदानावर ऊन तापलेलं, चेंडू एकच आणि तोही फाटका. सर म्हणाले, या तासाला बसा, पुस्तक उघडायचं नाही.

त्या तासाला त्यांनी कधी काही नाव दिलं नाही. आजकाल माझ्या नातीच्या शाळेत याला जीवन कौशल्यं आणि करिअर मार्गदर्शन म्हणतात, त्यासाठी शहरातून पडदा आणि यंत्र घेऊन माणसं येतात आणि पोरांना समोसे देतात. आमच्याकडे एक मोडकी खुर्ची होती. सर ती समोर मांडत आणि म्हणत, हे तहसीलदार. एकेकानं दारातून आत यायचं, नमस्कार करायचा, बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही, आणि आपलं काम एका वाक्यात सांगायचं. दुसरं वाक्य तोंडातून निघालं की बाहेर, पुन्हा दारातून या. पहिल्या दिवशी अर्धा वर्ग "साहेब, माह्या बापानं मले पाठवलं, म्हंजे तो सोताच येनार होता, पन" इथं बाद झाला. मग खुर्चीवर आम्हालाच बसवलं. मी तहसीलदार झाले आणि सलग सहा जणांचे अर्ज नाकारले. सातवा पांडू, शिंप्याचा, वर्गातला टवाळ. तो म्हणाला, "साहेब, तुमी लाच तरी घ्या, हे परवडत नाई." सर इतके हसले की त्यांना खडू खाली ठेवावा लागला.

पैसे काढायची पावती, पोस्टाचा फॉर्म, बसच्या पासाचा अर्ज, सगळं त्यांनी आम्हाला भरायला लावलं. फॉर्म आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि मगच पेनाचं टोपण काढायचं, हा त्यांचा नियम मी आजही पाळते, आणि बियाण्याच्या कंपन्यांचे एजंट माझ्यासमोर घड्याळाकडे पाहत बसतात. बसू देत. निर्मलहून ते नोकऱ्यांच्या जाहिरातींचं वर्तमानपत्र आणत आणि भाताच्या खळीनं भिंतीला चिकटवत. बेल्लमपल्लीच्या खाणीत फक्त कोळसा खणणारे नसतात, तिथं मोटारी दुरुस्त करणारे लागतात, नकाशे काढणारे लागतात, जखमा बांधणारे लागतात, हे मला त्या भिंतीवर कळलं. मला वाटायचं माणसं दोनच तऱ्हेची असतात, विकणारी आणि पगारवाली. त्या भिंतीनं मला झोप येईनाशी केली. एकेका शनिवारी मी नर्स, कंडक्टर, कापूस तपासणारी आणि तारमास्तर झाले.

मग त्यांनी काम दिलं: बाजारात जा, आपला धंदा जाणणारा एक माणूस धरा आणि त्याला चार प्रश्न विचारा. हे शिकलास कुठं, तुला काम कोणी दिलं, यात फसायला कुठं होतं, आणि हे नसतं तर काय केलं असतंस. पोरं न्हाव्याकडे, लोहाराकडे गेली. मी धरला शेतकी खात्याचा माणूस. तो फटफटीवरून आमच्या वाफ्यातली मेलेली वांगी बघायला आला होता. त्यानं एक रोप उपटलं, बुडख्याशी चाकूनं चिरलं, आतला तपकिरी झालेला गाभा बाला दाखवला आणि म्हणाला, याला पाणी कमी पडलं नाही, जास्त झालं. बा वीस वर्षं वांगी लावत होता आणि उलटंच समजत होता. मी त्याच्या फटफटीपुढे आडवी उभी राहून चारही प्रश्न विचारले. तो म्हणाला, दहावीनंतर शेतकीचा कोर्स असतो, मुलीपण घेतात. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. माझ्या बाला त्याची वांगी का मरतात हे सांगायचा पगार मिळतो, असलं काम जगात आहे म्हटल्यावर मी ते दुसऱ्या कोणाला कशी करू देणार होते?

तो शनिवार एप्रिलातला. वर्गाच्या कौलांतून ऊन जमिनीवर पैशाएवढं पैशाएवढं पडलेलं. बाहेर बाजार भरलेला, तिथला गलका शाळेत ऐकू येत होता. सरांनी विचारलं, "नववीला इथंच कोण कोण?" निम्म्याहून कमी हात वर गेले.

"बाकीचे?"

"पलीकडं, सर."

"काऊन?"

पुढची पोरं मागं वळून पाहू लागली. मग मागून पांडू म्हणाला, "तुमच्यामुळं, सर."

वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. "माझ्यामुळं?"

"तुमच्या पेपरामुळं. तेलुगूत नापास होन्यापरीस पलीकडं पास झालेलं बरं म्हन्ते माहा बाप."

सरांनी खडू उचलला. त्यांना आमची ही रीत ठाऊकच नव्हती, त्यांचं हे पहिलंच वर्ष. मग ते फळ्याकडे गेले, शेजारी शेजारी चार चौकोन काढले आणि त्यांत सात, आठ, नऊ, दहा असे आकडे घातले. "ऐका. कॉलेज, कोर्स, सरकारी नोकरी, सगळीकडं पहिला सवाल एकच. हा पोरगा इथला आहे का? आणि इथला म्हणजे काय? दहावीच्या परीक्षेपर्यंतची ही चार वर्षं सलग इथं शिकलेला. जागा जवळजवळ सगळ्या इथल्यांसाठी." मग त्यांनी तळहातानं नऊ आणि दहा पुसून टाकले. "ही दोन घरं तिकडं गेली. आता हा इथला का?"

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. "सर, फस्ट क्लास आला तरी?"

"फस्ट क्लास आला तरी."

"अर्ज बरोबर भरला तरी?"

"अर्ज बरोबर भरला तरी. क्लार्क बोर्डाचं नाव बघते आणि अर्ज बाजूला ठेवते."

"अन् तिकडचे?"

"तिकडचे म्हणतात, तू आमच्यात कधीपासून राहतो, दाखला दाखव."

दोन वर्षं आमच्या घरात जी गोष्ट कोणाला उलगडली नव्हती ती चार चौकोनांत फळ्यावर पडली होती. मला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं आणि सगळ्यात जास्त म्हणजे धावत सुटावंसं वाटत होतं. तेवढ्यात दारात मस्तानभाई आले, शाळेचे जुने शिपाई. "कौसल्या, चल बेटा. तेरे अब्बा आए ऑफिस में. तेरा दाखला तय्यार है."

मी धावले. मागे सर येतायत की नाही हेही पाहिलं नाही.

ऑफिसात बा खांद्यावरचा रुमाल हातात घेऊन उभा होता. बाजारात दत्ताला बसवून तो मधल्या वेळात आला होता. गंगू आत्या बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीत माझ्यासाठी नव्या बांगड्या. आत्या वाईट बाई नव्हती. तिची कंबर गेली होती, तिला घरात हात हवे होते आणि तिनं ते कधी लपवलंही नाही. टेबलामागे हेडमास्तर, आणि त्यांच्यापुढे त्या दिवशी तयार झालेल्या, शाळा सोडल्याच्या पाच दाखल्यांची चळत, वर काचेचा गोळा. वरचा दाखला माझा. त्यावर सही राहिली होती.

मी दाखल्यावर हात ठेवला.

"हात काढ, कौशे," बा म्हणाला.

"नाई काढत. बा, आपला दत्ता कोर्साले लागला नाई ते अर्जामुळं नाई. पलीकडं शिकल्यामुळं. हा दाखला नेला तं माहं बी तेच होईन."

"कोन सांगते?"

"मी सांगते," रामुलू सर दारातून म्हणाले. धावत आल्यानं त्यांना धाप लागली होती. त्यांनी बाला सगळं पुन्हा सांगितलं, लोकल, नॉनलोकल, चार वर्षं सलग. पण बाजारात माणसाच्या पापणीवरून भाव ओळखणारा माझा बा त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. ते शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. हेडमास्तरांनी पेन उचललं आणि म्हणाले, "मुलीचा हात बाजूला घ्या. मला आणखी कामं आहेत."

तेव्हा मस्तानभाई दाराला टेकून म्हणाले, "अरे भाऊ, मुल्की-गैरमुल्की का मामला है ये. तुम्हारे बाप के जमाने में निजाम का जो कायदा था ना, समझो वही."

बाच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. हा शब्द त्याला आजापासून ठाऊक होता. मुल्की म्हणजे या मुलखाचा, गैरमुल्की म्हणजे बाहेरून आलेला. "म्हंजे माहा दत्ता गैरमुल्की?" तो म्हणाला. "इथं? ज्या गावात त्याच्या पंज्यानं हीर खांदली, त्या गावात?"

"कागदावर, हो," सर म्हणाले.

बानं हेडमास्तरांकडे तोंड वळवलं. "साहेब, तुमाले हे माईत होतं?"

हेडमास्तरांनी काचेचा गोळा उचलून दुसरीकडे ठेवला. "नियम आहे. नियम सगळ्यांना माहीत असतो."

"मले नवता."

"तुम्ही दाखला मागितलात, मी दिला. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

माझं डोकं फिरलं ते इथं, आणि खरं सांगायचं तर ते अजून जागेवर आलेलं नाही. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर शाळेच्या दहावीच्या निकालाचा तक्ता रंगवलेला होता, दर वर्षी जवळजवळ सगळे पास. दर पंधरा ऑगस्टला ते तो मोठ्यानं वाचून दाखवत आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. मी तक्त्याकडे बोट केलं. "तेलुगूत कच्चे पोरं दहावीले बसलेच नाई, तं नापास कोन होईन, सर?"

आत्यानं तोंडाला पदर लावला. हेडमास्तर लाल झाले. "हिला आवरा."

बाचा हात वर गेला होता. तो आपल्या हाताकडे पाहत राहिला आणि त्यानं तो खाली घेतला. "काय चुकलं तिचं?" तो म्हणाला. "उत्तर द्या ना तिले."

हेडमास्तर दाखल्यांची चळत सरळ करत बसले. पुढे कित्येक वर्षांनी त्यांचा सत्कार झाला, छापील पुस्तिका निघाली आणि तिच्यात लिहिलं होतं की विद्यार्थ्यांना पुढच्या वाटा दाखवणारा तास याच हेडमास्तरांनी सुरू केला. रामुलू सरांचं नाव शोधून सापडलं नाही. मला वर्गणीचं पत्र आलं, कारण तोवर माझी रोपवाटिका चार गावांना माहीत झाली होती. मी कळवलं, वर्गणी देते, येतेही, फक्त मला पाच मिनिटं बोलू द्या. पुन्हा पत्र आलं नाही. मुलं म्हणतात, आई, माणूस गेला, आता सोड. मी व्यवहारात मागचं सोडते, पण त्याआधी समोरच्यानं काहीतरी द्यावं लागतं. त्यांनी "चुकलं" एवढा शब्दही दिला नाही.

त्या दिवशी मात्र मला इतकंच दिसत होतं की माणूस कोपऱ्यात आहे आणि सौदा आत्ताच होईल, नंतर नाही. हेडमास्तर म्हणाले, "ठीक आहे, राहू दे. पण ही तेलुगूत नापास झाली तर जबाबदारी कोणाची?"

"मी शिकवते," सर म्हणाले. "रोज, शाळेच्या आधी एक तास. सुट्टीतपण."

"जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी परीक्षा घ्या. नापास झाली तर दाखला घेऊन जावं."

"सहामाहीले," मी म्हणाले.

"अजिबात नाही. पहिल्या दिवशी."

मी बाच्या तोंडाकडे पाहिलं. रुमाल त्यानं पुन्हा खांद्यावर टाकला होता. बाजारात तो हे करी तेव्हा आम्हाला कळायचं की थोडं ताणून धरायचं आहे, अजून उतरायचं नाही. मी म्हणाले, "मंग राहू द्या सर. आमी तालुक्याले जातो, तिथं विचारतो का आठवीच्या पोरायले हे कोनं सांगाव लागते." आणि मी खरंच दाराकडे वळले.

"तिमाही," हेडमास्तर म्हणाले.

मला पहिल्यापासून तिमाहीच हवी होती.

हेडमास्तरांनी माझा दाखला मधोमध फाडला. त्याचा आवाज आजही माझ्या कानात आहे, जाड कागदाचा, कोरडा. मी त्याच दमात म्हणाले, "अन् हे बाकीचे चार?" पांडूचं नाव वरच होतं. ते म्हणाले, त्यांच्या बापांनी मागितले आहेत, त्यांचं त्यांनी बघावं. त्यावर बा काही न बोलता बाहेर गेला. शाळेच्या फाटकापासूनच बाजार सुरू व्हायचा. बाचा आवाज वांगी विकून विकून असा तयार झाला होता की बसस्टँडवरचा माणूस मान वळवी. तो आवाज आता शिंप्याला हाक मारत होता, तेलवाल्याला हाक मारत होता, आणि मध्ये मध्ये एकच शब्द येत होता, गैरमुल्की. "आपले पोरं गैरमुल्की होऊन राह्यले रे, चाल, साळेत चाल." मी फाटकात उभी राहून पाहत होते. तो शब्द पालाखालून पालाखाली गेला. मिरच्या तोलणारे थांबले. राजव्वानं मला तेलुगूत विचारलं की कोण मेलं. शिंपी गळ्यात टेप घेऊन तसाच आला, तेलवाला हात पुसत आला, ज्यांची पोरं अजून दुसरीत होती तेही आले. ऑफिसात उभं राहायला जागा उरली नाही. खिडकीतून माना आत आल्या आणि रामुलू सर टेबलाजवळच्या भिंतीवर खडूनं पुन्हा ते चार चौकोन काढून दाखवू लागले. हेडमास्तरांनी पेनाला टोपण घातलं. त्या चार दाखल्यांपैकी तीन त्याच दिवशी परत फिरले. चौथ्या पोराला बापानं तरीही पलीकडं पाठवलं, कारण आजीनं आधीच शब्द दिला होता.

आत्यानं बांगड्या मला तिथंच भरल्या आणि म्हणाली, "माह्या कंबरेचं काय ते मी पाहून घेईन. तू नापास नको होजो, नाईतं मीच येऊन कान पिळीन." मी तिमाहीला तेलुगूत पास झाले, दोन मार्कांनी. पुढे शेतकीचा कोर्सही केला, पण ती हकिकत निराळी. त्या शनिवारी मी अजून आठवीची पोरगी होते, अंगात वारं भरल्यासारखी बाजारातून आमच्या पालाकडे पळत निघाले होते, आणि दत्ताला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे तोंडातल्या तोंडात जुळवत होते.

सांगायला काही उरलं नव्हतं. बा त्याच्या समोरूनच ओरडत गेला होता. दत्ता डालामागे उकिडवा बसला होता आणि एका बाईला वांगी तोलून देत होता. त्यानं तोल नीट केला, वर एक वांगं टाकलं, पैसे गोणपाटाखाली सरकवले.

"म्हंजे अर्ज बरोबर होता," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"हो."

"सगळे रकाने?"

"सगळे."

तो उठला. गुडघ्यांना लागलेली माती त्यानं झटकली, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, तोंडावर मारलं आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. दोन वर्षांत भर बाजारात पाल सोडून उठताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

"काटा धर," तो म्हणाला. "मी येतो जाऊन."

"कुठं?"

"त्या सरले विचारतो, मले आता काय करता येते."

तो शाळेच्या दिशेनं निघाला, आधी चालत आणि शिंप्याच्या दुकानापुढे गेल्यावर पळत. मी काटा धरून बसले. समोर एक बाई आली आणि तिनं वांग्याचा भाव विचारला. मला भाव आठवेना. मी जो तोंडाला आला तो सांगितला, आणि तिनं एक शब्द न घासता पैसे काढून दिले, म्हणजे मी फारच कमी सांगितला असणार.